दम, दमा आणि नागपुरी संत्री

पुण्यात मी तीन दिवस राहून आले आणि त्यात एकही किल्ला पाहिला नाही, एकही टेकडी चढले नाही, मिसळीच्या रांगेतही उभी राहिले नाही. आमच्या हिंगणघाटच्या भिशीतल्या बायकांना हे पटतच नाही. "मग गेली काहून होतीस?" असं प्रत्येकीने वेगवेगळं विचारून झालं, म्हणून आता एकदाच लिहून काढते. ज्यांना पुणं बघायचं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं. मी पाहिलं ते धडधाकट माणसाचा श्वास कसा बिघडतो आणि कसा ठिकाणावर येतो, ते. यातली निम्मी गंमत आहे आणि निम्मी माझी चूक आहे.

गेलो होतो आम्ही दोघंच, मी आणि माझा भाचा मंगेश, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. वय एकोणतीस, वर्ध्याला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी, स्वभाव मातीसारखाच, पाणी घातल्याशिवाय बोलत नाही. विश्रांतवाडीच्या अश्विनीशी त्याचं दोन महिने फोनवर बोलणं चाललं होतं. ती एकदा आईवडिलांबरोबर वर्ध्याला येऊनही गेली होती. दोघांची पसंती होती. आता शुक्रवारी तिच्या घरी बसून बोलणी करायची आणि सुपारी फोडायची, एवढंच उरलं होतं. पण ऐन वेळी वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, भाऊ तिच्यापाशी थांबला आणि मुलाकडची सगळी सत्ता माझ्या हाती आली. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. सत्ता हाती आली की मला बरं वाटतं.

रेल्वेत मी भावाला फोनवर जरा मोठ्यानेच म्हणाले, "काळजी नको करू, शुक्रवारी दुपारपर्यंत सुपारीचं काम उरकून टाकतो." समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी आपली बॅग पायाशी होती ती मांडीवर घेतली आणि दौंडपर्यंत खाली ठेवली नाही.

बुधवार, हडपसर

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा हडपसरला फ्लॅट आहे. ती सध्या परदेशात असते. किल्ली वॉचमनकडे होती. अकराव्या मजल्यावरून एका बाजूला काचेच्या कंपन्या दिसत होत्या आणि दुसऱ्या बाजूला, दोन इमारतींच्या मधल्या फटीत, कुणाचं तरी उसाचं एकुलतं एक शेत. मी मंगेशला ते दाखवलं. त्याने बराच वेळ बघून "माती भारी आहे" असं मत दिलं.

आल्या आल्या पहिला घोटाळा उघडकीला आला. अश्विनीच्या मामांनी फोनवर "येताना नागपुरी संत्री मात्र आणा हं, इथे चांगली मिळत नाहीत," असं सांगितलं होतं. कारंज्याच्या बागेतली निवडक संत्री मी पेटीत भरून आणली होती. रेल्वेत त्या पेटीवर कुणीतरी ट्रंक ठेवली असावी. उघडली तर वरचे दोन थर बरे होते आणि खाली सगळं सरबत होतं. फ्लॅटभर इतका छान वास पसरला की मला रडू आलं.

संध्याकाळी खालच्या टपरीवर पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर झणझणीत तर्री ओततात आणि माणूस नाक पुसत पुसत खातो. इथल्या पोह्यांवर खोबरं होतं, कोथिंबीर होती, लिंबाची फोड होती आणि आत साखर होती. मी विचारलं, "भाऊ, तर्री नाही का?" टपरीवाला म्हणाला, "पोहे आहेत हे. मिसळ नाही." पुण्यात प्रश्नाचं उत्तर मिळतं, पण त्याबरोबर तो प्रश्न का विचारला याची लाजही थोडी मिळते. मंगेश हसला. त्या दिवशी तो दोनदाच हसला, त्यातलं हे एक.

गुरुवार, मार्केट यार्ड

मी ठरवलं की संत्री पुण्यातच घ्यायची आणि आमच्याकडची म्हणून द्यायची. मंगेश म्हणाला, "आत्या, खरं सांगून टाकू ना. रस्त्यात फुटली म्हणून." मी म्हटलं, "मुलाकडचे लोक फुटकी संत्री घेऊन आले, अशी सुरुवात करायची का?" बस थांब्यावर एका आजोबांना विचारलं, "ही बस मार्केट यार्डाला जाते का हो?" ते म्हणाले, "बस जाते. तुम्ही चढलात तर तुम्हीही जाल."

मार्केट यार्ड पाहून मात्र मी खरंच थक्क झाले. आमच्या हिंगणघाटला कापसाच्या गाड्यांची रांग लागते, ती मला मोठी वाटायची. इथे पेरू, पपया, द्राक्षं यांच्या भिंती होत्या आणि त्या भिंतींमधून पाठीवर ओझं घेतलेले हमाल "चला, चला, बाजू!" करत धावत होते. एका गाळ्यावर संत्री मिळाली, तीही थेट आमच्याकडचीच. गाळेवाला शपथेवर सांगत होता, "मावशी, कालच नागपूरहून उतरलीत." मी पेटी घेतली. माझ्याच मुलखातली संत्री मी आठशे किलोमीटर लांब येऊन विकत घेतली, याचा हिशेब अजून लागलेला नाही.

पेटी बांधून होत असताना मंगेशचा फोन वाजला. अश्विनीचे मामा होते. मंगेश "हो", "हो", "बरं", "हो" म्हणाला आणि फोन ठेवला. मी विचारलं, काय म्हणतात?

"उद्या त्यांच्याकडचे वीस-पंचवीस लोक येणार आहेत. मी स्वतःबद्दल बोलायचं आहे. ते म्हणाले, फार नाही, दहा मिनिटं."

एवढं सांगून तो पेरूच्या क्रेटवर बसला. आधी मला वाटलं, उकडतंय. मग त्याचा श्वास जोरजोरात व्हायला लागला, धावून आल्यासारखा. तो म्हणाला, "आत्या, हवा पुरत नाही." मग म्हणाला, "हाताला मुंग्या येतात. तोंडालाही." मग त्याची बोटं आपोआप जवळ येऊन वळली, रांगोळीची चिमूट धरावी तशी, आणि ती सरळ होईनात. त्याचे डोळे मोठे झाले. "आत्या, मी मरतो का गं?"

मी ओरडले. गर्दी जमायला यार्डात वेळ लागत नाही.

"फीट आली! कांदा हुंगवा!"

"चप्पल हुंगवा, चामड्याची!"

"हवा येऊ द्या, हवा!" असं म्हणणारा सगळ्यात पुढे उभा होता.

कांदा ही वस्तू मार्केट यार्डात मागायची नसते. अर्ध्या मिनिटात मंगेशच्या नाकाजवळ चार कांदे आले आणि एक जण मागून आख्खी गोणी ओढत आणत होता. मी या सगळ्यांहून शहाणी. शाळेत कधीकाळी प्रथमोपचाराचं शिबिर झालं होतं, त्यातलं मला आठवलं की अशा वेळी तोंडाला कागदी पिशवी लावायची. पेरूवाल्याची पिशवी मी ओढली आणि दुसऱ्या बाजूने मंगेशला सांगितलं, "मोठा श्वास घे, बाळा! जोरात घे! अजून घे!"

"कोण म्हणतंय, मोठा श्वास घ्या?"

आवाज चढलेला नव्हता, पण गर्दी फाटली. साठीचे एक गृहस्थ, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, खिशात निळा पेन. हे याकूबभाई, गाळ्यावरचे तोलणार, म्हणजे माल तोलून देणारे. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, मोठा श्वासच घेतोय तो. तेवढंच चुकतंय त्याचं. पिशवी खाली ठेवा. पेरूंना लागेल."

मग ते मंगेशसमोर उकिडवे बसले, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला. कांदेवाल्यांकडे न बघता म्हणाले, "कांदे परत गाडीवर. भजी नाही करायची." मग अगदी हळू आवाजात मंगेशला विचारलं, "छातीत दुखतं का? हातात, जबड्यात कळ जाते का? दम्याचा पंप वापरतोस? काही चावलंय, काही गोळी घेतलीस?" मंगेश मान हलवून नाही नाही म्हणत होता. याकूबभाईंनी त्याचे ओठ पाहिले, नखं पाहिली. "ओठ लाल आहेत. बरं आहे. ओठ-नखं निळी असती, छातीत दुखत असतं, तर मी इथे बसलो नसतो, गाडी बोलावली असती. आता ऐक. तुला हवा कमी नाही पडलेली, जास्त झालीय. घ्यायची घाई नाही. सोडायची. शिट्टी वाजवायला ओठ करतो ना, तसे कर. समोर मेणबत्ती आहे समज. विझवायची नाही, नुसती हलवायची. मी मोजतो."

आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. "आत घे, नाकाने… बरकत, दोन. आता सोड… बरकत, दोन, तीन, चार. घाई नाही. मला पगार तासावर आहे."

आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. याकूबभाई बरकत म्हणत. चाळीस वर्षं तोलून तोलून त्यांच्या तोंडून एक हा आकडाच निघत नव्हता. मंगेशचं पहिलं सोडणं 'दोन'पर्यंतच टिकलं. याकूबभाई रागावले नाहीत, "चालेल, वजन कमी भरलं, पुन्हा ठेव," म्हणाले. पुढचं तीनपर्यंत गेलं. लोक पांगले, कारण बघण्यासारखं काही उरलं नाही. पाच-सात मिनिटांनी मंगेशची बोटं एकेक करून उघडली. त्याने आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला.

"माझ्या धाकट्या मुलीला दहावीच्या वर्षी व्हायचं," याकूबभाई मला म्हणाले. "इथे एक डॉक्टरीणबाई येऊन शिकवून जातात, त्यांनी सांगितलं. पिशवी नाही लावायची. दमा असेल, हृदयाचं काही असेल, तर पिशवी जिवावर बेतते. आणि आत्ता बरं वाटलं तरी एकदा डॉक्टरला दाखवा. मी तोलणार आहे, डॉक्टर नाही." मी त्यांना संत्री देऊ लागले. ते म्हणाले, "नको, संत्री मी रोज बघतो."

जवळच्या दवाखान्यात मंगेशच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. सगळं ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, "घाबरल्यावर माणूस भराभर श्वास घेतो, शरीरातला कार्बन डायऑक्साइड फार बाहेर जातो, मग मुंग्या येतात, बोटं वळतात, आणि ते बघून माणूस आणखी घाबरतो. खोटं नसतं हे. त्याला खरंच मरतोय असं वाटतं." नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "ओरडणाऱ्या माणसाला मात्र आधी बाजूला बसवायचं." मी बाजूलाच बसले होते.

बाहेर उसाचा रस घेताना मी विचारलं, "पहिल्यांदाच झालं ना?"

मंगेश ग्लासकडे बघत म्हणाला, "चौथ्यांदा. पहिल्यांदा आठवीत. वक्तृत्व स्पर्धा होती. तू मला स्टाफरूममध्ये नेलं होतंस."

मला आठवलं. भाषण मध्येच थांबलं होतं आणि हे पोरगं धापा टाकत उभं होतं. मुख्याध्यापक बघत होते आणि हा माझा भाचा आहे हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मी त्याला स्टाफरूममध्ये नेऊन असा दम दिला होता की शेजारच्या वर्गाला ऐकू गेला. "नाटकं बंद कर," म्हणाले होते. पंधरा वर्षं त्याने मला काही सांगितलं नाही, कारण मी नाटक म्हणेन. मी खूप मोठी चूक केली होती आणि ती मुलाने सांभाळून ठेवली होती.

तो म्हणाला, "आत्या, मला हे अश्विनीला सांगायचं आहे. उद्याच. बोलणी व्हायच्या आधी."

इतकं समजूनही मी काय म्हणावं? "खबरदार! सुपारी फुटल्यावर सांग. आजारी मुलगा म्हणून एकदा नाव झालं की पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही." पंधरा वर्षांत माझ्यात झालेली सुधारणा एवढीच होती की या वेळी मी हळू आवाजात बोलले.

शुक्रवार, विश्रांतवाडी

अश्विनीचं घर आळंदी रस्त्याच्या आत आहे. एके काळी त्यांची तिथे शेती होती, आता तिथे त्यांचीच चार मजली इमारत उभी आहे. तिचे वडील तानाजीराव दारातच उभे होते. "या, या! लांबून आलाय. घर आपलंच हाय," म्हणत त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मला हा माणूस तिथेच आवडला. आत सतरंजीवर नातेवाईक दाटीने बसले होते. मामा खुर्चीवर होते. हे मामा राहतात पेठेत, निवृत्त बँक अधिकारी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ते तुमचं बोलणं ऐकतात आणि मग थोडा वेळ थांबतात, म्हणजे आपण काय चूक बोललो ते आपल्याला आठवायला वेळ मिळतो.

मी पेटी पुढे केली. "आमच्याकडची संत्री. खास बागेतली."

मामांनी पेटी फिरवून पाहिली. मी शिक्का असलेली बाजू भिंतीकडे केली होती. पेटीला दोन बाजूंना शिक्के असतात हे मला माहीत नव्हतं.

"गाळा नंबर, मार्केट यार्ड, गुलटेकडी," मामांनी वाचलं. "बाग बरीच पसरलेली दिसते तुमची."

सतरंजीवर कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. मी तापले. घाबरले की मी जास्त बोलते, हा माझा जुना रोग. संत्र्यांवरून विषय हटवायला मी मंगेशचं कौतुक सुरू केलं. त्याची नोकरी, त्याचा स्वभाव, पाच किलोमीटर पळतो ते. आत स्वयंपाकघरात अश्विनीची आई चटणी वाटत होती आणि मिक्सर घरघरत होता, म्हणून मी आवाज चढवला. मला म्हणायचं होतं, "आमच्या पोरात दम आहे." पण घाईत सप्तमीची चतुर्थी झाली आणि मी ओरडले, "आमच्या पोराला दम आहे, दम!"

मिक्सर त्याच क्षणी थांबला. शेवटच्या घरघरीने त्या 'दम'ला एक काना जोडला असावा. अश्विनीची आई हात पुसत दारात आली. "दमा आहे?"

चौतीस वर्षं मी मुलांच्या विभक्तीच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या. एवढी महाग चूक एकाही मुलाने केली नव्हती.

"दमा नाही हो, दम!" मी म्हटलं.

"म्हणजे दम लागतो?" सतरंजीवरून एक मावशी म्हणाल्या.

"लागत नाही, आहे!"

"तेच म्हणतोय आम्ही, आहे," मामा म्हणाले. "स्थळ सुचवताना सांगायचं राहून गेलं असेल. होतं असं. संत्र्यांच्या नादात."

कुजबूज सुरू झाली. अश्विनी आतून बाहेर आली होती आणि मंगेशकडे बघत होती. मला वाटलं, गेलं. लग्न गेलं. आणि तेवढ्यात मंगेश उभा राहिला.

"दमा नाही मला," तो म्हणाला. "पण काल मार्केट यार्डात माझा श्वास बिघडला होता. फार घाबरलो की असं होतं. आधी तीनदा झालंय. डॉक्टरांनी तपासलं, हृदय-फुप्फुस ठीक आहे. मला हे आज सांगायचंच होतं. मामा, दहा मिनिटं मला बोलता येणार नाही. एवढंच आहे."

मामांनी थांबायला सुरुवात केली. ते थांबणं इतकं लांबलं की माझ्या डोक्यात आवाज व्हायला लागला. मी लपवायला सांगितलं होतं. मी संत्री खोटी आणली होती. मीच दमा लावून दिला होता. मला एकदम हवा पुरेना. मी भराभर श्वास घेऊ लागले, जितका घ्यावा तितका कमी पडत होता. ओठांभोवती मुंग्या आल्या, समोरच्या माणसांच्या कडा पांढऱ्या झाल्या. मी मंगेशला हाक मारली असं मला वाटलं, पण आवाज आला नाही. खोटं सांगत नाही, मी मरते आहे असं मला अगदी नक्की वाटलं. ज्याला मी नाटक म्हणाले होते ते हे होतं.

"वारा घाला! पाणी पाजा! मोठा श्वास घ्या हो ताई!" इथेही सगळं तेच.

"थांबा," मंगेश म्हणाला. "मोठा श्वास नको. पाणीही आत्ता नको."

त्याने मला भिंतीला टेकवून बसवलं आणि समोर उकिडवा बसला. छातीत दुखतं का, हातात कळ जाते का, सगळं विचारलं. माझे ओठ पाहिले. त्याचा आवाज थोडाही हलत नव्हता. "आत्या, माझ्याकडे बघ. हे जातं. मला माहीत आहे ना, जातं. घेऊ नको, सोड. बरकत, दोन… आता सोड, बरकत, दोन, तीन, चार. घाई नाही."

"हे काय, लिलाव आहे का?" मामा म्हणाले.

"गप ऱ्हावा वो पावनं," तानाजीराव म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन बसले आणि मंगेशला म्हणाले, "आमी लाभ म्हन्तो. पन तुमचं चालू द्या." आणि पुढच्या खेपेला दोघं मिळून मोजायला लागले, एक बरकत म्हणे आणि एक लाभ. 'दोन'वर दोघांची गाठ पडे. मला त्या अवस्थेतही हसू आलं आणि हसताना श्वास बाहेर पडला.

बरं वाटल्यावर मी म्हटलं, चला, आता बोलणी. मंगेश ऐकेना. "साठीच्या बाईला पहिल्यांदा झालंय, तपासायलाच पाहिजे. मला झालं तेव्हा तू नेलं होतंस." अश्विनीने गाडीची किल्ली घेतली. बोलण्यांसाठी जमलेली ती मंडळी तशीच सतरंजीवर राहिली आणि मुलगा, मुलगी, मुलाची आत्या असे आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. गाडीत मी अश्विनीला कालचं सगळं, कांद्यांसकट, सांगून टाकलं.

तिथे मला हिरव्या पडद्यामागे झोपवलं, हातापायांना चिमटे लावले, छातीला गोल चकत्या चिकटवल्या. यंत्राच्या पडद्यावर माझे ठोके टिकटिक करत होते. सिस्टर म्हणाली, "मावशी, हलायचं नाही, बोलायचं नाही." बोलायचं नाही असं मला नोकरी लागल्यापासून कुणी सांगितलं नव्हतं. पडद्याच्या पलीकडे बाकावर ती दोघं बसली होती. त्यांचे पाय मला पडद्याखालून दिसत होते.

मग अश्विनी म्हणाली, "दोन महिने रोज बोलतोय आपण. मला का नाही सांगितलंस?" घरी सगळ्यांसमोर 'तुम्ही' चाललं होतं, इथे 'तू' होतं.

"तू नाही म्हणशील असं वाटलं."

"म्हणून लपवलंस."

"हो." मग तो म्हणाला, "तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण. मी आत्याला घेऊन इथूनच जातो. तुझ्या घरी काय सांगायचं ते मी सांगेन, तुझ्यावर येणार नाही."

माझ्या हातापायांना चिमटे होते आणि तोंडाला कुलूप होतं. पडदा फाडून बाहेर जावं आणि त्या मुलीचे हात धरावेत असं वाटत होतं. मी छताकडे बघत पडून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मंगेशच्या बाजूने मला काहीच बोलता येत नव्हतं, आणि तो माझ्याशिवाय बोलत होता.

"पुन्हा होईल ना कधीतरी?" अश्विनीने विचारलं.

"होईल."

"लग्नाच्या दिवशी?"

"होऊ शकतं. लोक खूप असतील."

"मग तेव्हा मी काय करायचं, ते आत्ताच सांगून ठेव. ऐन वेळी मला कांदा शोधायला लावू नकोस."

मंगेश हसल्याचा आवाज आला. "काही नाही करायचं. शेजारी बसायचं. मोठा श्वास घे म्हणायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"बसेन की," ती म्हणाली. आणि पडद्याखालून दिसणारे तिचे पाय सरकत त्याच्या पायांशेजारी आले.

यंत्राची टिकटिक एकदम वाढली. सिस्टर धावत आत आली. "मावशी, काय झालं? ठोके किती वाढले तुमचे!"

"वाढू दे बाई," मी म्हटलं.